नळ वैशाखात बघायचा

करवंदं आली की माझं कामावरचं लक्ष उडतं. गगनबावड्याकडच्या बायका डोक्यावर बुट्ट्या घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर उतरतात आणि दुपारपर्यंत राजारामपुरीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पानांच्या द्रोणातली ती काळीभोर करवंदं दिसायला लागतात. मी रिक्षात बसलेली असते. क्लासला निघालेली पोरं गाड्या आडव्यातिडव्या घालतात, रिक्षावाला त्यांच्या खानदानाचा उद्धार करतो, सिटीबसचा ड्रायव्हर त्याला साथ देतो, आणि माझी मान त्या बुट्ट्यांकडे वळलेली. पण रिक्षा थांबवून मी कधी उतरत नाही. किती वर्षं झाली, एक द्रोणसुद्धा घेतलेला नाही. आवडत नाहीत असं नाही. फार आवडतात, हीच तर अडचण आहे.

मी शहराच्या लेखापरीक्षण विभागात नोकरी करते. लग्नाच्या पंगतीत ही ओळख सांगितली की शेजारचा माणूस उगाचच पानातली जिलेबी हातानं झाकतो. लोकांना वाटतं, आम्ही म्हणजे चष्मा नाकावर आणून बेरजा तपासणारी आणि चोर पकडणारी माणसं. बेरजा तपासतो, खोटं कशाला बोलू. पण खरं काम वेगळंच आहे. शहरात रस्ता होतो, गटार बांधतात, दिवा लागतो, नळ बसतो. तो ज्या गल्लीत बसतो तिथली माणसं कामाधंद्याला गेलेली असतात. त्यांच्या वतीनं कुणीतरी जाऊन विचारावं लागतं, की बाबांनो, झालं का? कुठं आहे? चालतं का? हे विचारणारे आम्ही. लिहून विचारलं की त्याला आक्षेप म्हणतात. आमच्या हातात काठी नाही, शिट्टी नाही. पण आमचे साहेब काम करणाऱ्या खात्याच्या हाताखालचे नसतात. आमचं लिहिलेलं थेट निवडून आलेल्या सभासदांपुढं जातं, आणि तिथं चारचौघांत खात्याला उत्तर द्यावं लागतं. एवढंच. पण कुणीतरी बघायला येणार आहे हे माहीत असलं की माणूस सिमेंटचं एक घमेलं जास्त टाकतो, हे मी या डोळ्यांनी बघितलं आहे.

आता बघायला जाणं कमी झालं आहे. फोटो येतात. कागदाला टाचलेला नळाचा रंगीत फोटो, त्यातून पडणारी पाण्याची धार, बाजूला उभे असलेले नगरसेवक. परवा असाच एक फोटो माझ्या टेबलावर आला आणि मी त्यातल्या पाण्याकडे न बघता नळाच्या बुडाशी उगवलेल्या गवताकडे बघत बसले. गवत हिरवंगार होतं. म्हणजे फोटो श्रावण-भाद्रपदातला. मी तो कागद बाजूला ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, खिडकीबाहेरच्या गुलमोहराला पानांपेक्षा फुलं जास्त होती, आणि मला इंगळेसाहेबांची इतकी आठवण आली की काय सांगू.

इंगळेसाहेब नव्वदच्या दशकात आमचे मुख्य लेखापरीक्षक होते. किडकिडीत माणूस, पायात जाडजूड कोल्हापुरी पायताण आणि भर उन्हाळ्यात हातात काळी छत्री. खुर्चीत बसून शहर तपासणं म्हणजे त्यांच्या मते उंटावरून शेळ्या हाकणं. मी नवीन लागले तेव्हा त्यांनी मला कायदा शिकवला नाही, पुस्तकं दिली नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरी, नळ वैशाखात बघायचा, गटार आषाढात बघायचं आणि रस्त्यावरचा दिवा अमावास्येला बघायचा. आषाढात नळ काय, कुणाच्या बी दारात येतोय. वैशाखात आला तर त्याला नळ म्हणायचं." हाच आमच्या विभागाचा रिवाज. जी वस्तू ज्या दिवसात लागते त्याच दिवसात तपासायची. दुसरा रिवाज असा की जागेवर गेलं की आधी समोरच्या घरातल्या बाईला विचारायचं, मग खात्याच्या माणसाला. आणि तिसरा, ज्याचं काम तपासायचं त्याच्या हातचा चहा प्यायचा नाही. या तिसऱ्या रिवाजानं मला फार छळलं.

त्या वर्षी चैत्रात आमची नळांची पडताळणी सुरू झाली. जोतिबाची यात्रा नुकती होऊन गेली होती आणि रस्त्याच्या कडेला अजून गुलालाची गुलाबी धूळ होती. कामं दाखवायला पाणीपुरवठा खात्यानं एक कनिष्ठ अभियंता दिला. दिनकर पडवळ. आडनाव पडवळ आणि अंगकाठीही तशीच. कुणी हसायच्या आत तो स्वतःच म्हणायचा, "नावाप्रमाणं वाढलोय. कारलं असतो तर काय केलं असतं?" गगनबावड्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, डिप्लोमा करून नोकरीला लागलेला, अजून कायम न झालेला. त्याच्या गावच्या पावसाच्या गोष्टी ऐकून मी चाट पडायचे. म्हणायचा, "आमच्याकडं पाऊस पावण्यासारखा येत न्हाय मॅडम, घरजावयासारखा येतोय. आला की हलतच न्हाय. भिंतीला शेवाळ, गाईला शेवाळ, म्हातारा जागचा हलला न्हाय तर त्याला बी शेवाळ."

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघायचो. दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असायच्या, लोक ताज्या धारेचा पेला तोंडाला लावून ओठांवरची पांढरी मिशी पुसत असायचे. पडवळला शहराच्या पोटातल्या पाइपा नातेवाइकांसारख्या माहीत होत्या. चालता चालता मध्येच थांबायचा आणि पायाखाली बोट दाखवायचा, "हितनं मोठी लाइन जातीय, ती पुढं वळून तालमीच्या मागनं निघतीय." त्याच्याकडं एक लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक जमिनीतल्या व्हॉल्व्हवर टेकवायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा, की आतलं पाणी ऐकू येतं. एकदा त्यानं सळई माझ्यापुढं धरली. "ऐका की." भर रस्त्यात बाईमाणसानं वाकून सळईला कान लावायचा म्हणजे काय, मी इकडंतिकडं बघितलं. मग लावला. आत खोल कुठंतरी घाट चढणाऱ्या एसटीसारखा आवाज होता, अखंड. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो माझ्याकडं बघत होता आणि मग घाईनं त्यानं बुटाच्या नाडीकडं बघितलं.

चहा मी घेत नव्हते. एका सकाळी तो गावाहून येताना द्रोणभर करवंदं घेऊन आला.

"चहा नको म्हंता. ही तरी घ्या. ह्यो काय चहा न्हवं."

"नियम आहे, पडवळ."

"मग मी ह्या कट्ट्यावर ठेवतो. झाडाची पडल्यात असं समजा."

कोल्हापुरात रस्त्याकडेच्या कट्ट्यावर करवंदं कुठल्या झाडाची पडतात हे मी विचारलं नाही. खाल्ली. चीक ओठांना लागला तो दुपारभर सुटेना. ऑफिसात इंगळेसाहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली घातली आणि म्हणाले, "करवंदांचा खुलासा मागवायचा का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते छत्री झटकत हसत बाहेर गेले.

आमचं घर राजारामपुरीपासून थोडं लांब, बौद्ध वस्तीत. आबा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या एका फाउंड्रीत आयुष्य काढून घरी बसले होते. हातांवर तापलेल्या लोखंडाचे ठिपके होते. आई मी लहान असतानाच गेलेली. एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघते, गल्लीभर निळे झेंडे, लेझीम, पोरांच्या कपाळाला नीळ. त्या संध्याकाळी पडवळ मिरवणूक बघायला म्हणून आला आणि आबांनी त्याला हाताला धरून घरात आणलं. आता चहा देणारी मी होते, त्यामुळे रिवाज आडवा येत नव्हता. तो बराच वेळ बसला. पावसाच्या गोष्टी सांगून त्यानं आबांना खोकला येईपर्यंत हसवलं. तो गेल्यावर आबा कपांकडं बघत म्हणाले, "दुसरा कप मागून घेतला त्यानं. दिला म्हणून न्हवं, मागून घेतला." त्यांच्या उभ्या आयुष्यात आमच्या घरी चहा मागून घेणारी दुसऱ्या समाजाची किती माणसं आली असतील, ते त्यांचं त्यांना माहीत. मला एवढंच दिसलं की आबा त्या रात्री जेवताना गुणगुणत होते.

मग एकदा ऑफिसचा जिना उतरताना पडवळ म्हणाला, "कायम झालो की आईला घिऊन येतो तुमच्या घरी." त्याच्या आईनं आमच्या दाराची पायरी चढणं म्हणजे काय, ते मला कळत होतं आणि त्यालाही. त्यानं घरी सांगून टाकलं होतं. आई चार दिवस बोलली नव्हती आणि पाचव्या दिवशी म्हणाली होती, "आधी नोकरी कायम हुंदे. मग बघू." पडवळ हसत होता. "आमच्याकडं 'मग बघू' म्हणजे हो असतंय." त्याच्या कायम होण्याचे कागद वैशाखात वर जाणार होते. मला त्या वर्षी वैशाखाचं ऊन कधी लागलंच नाही.

वैशाखातच आम्ही वरच्या गल्लीत गेलो.

राजारामपुरीच्या मागं चढ चढून गेलं की ती गल्ली लागते. तिथं आधीच्या श्रावणात नवी पाइप टाकून सार्वजनिक नळ बसवला होता. पडवळचं हे स्वतंत्र पहिलं काम. चढताना तो लहान पोरासारखा बोलत होता. पाणी आलं त्या दिवशी बायकांनी नळाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, त्याच्या तोंडात पेढा कोंबला, एक म्हातारी तर त्याच्या पायाच पडली. नळ दिसला. तोटीवर अजून वाळलेलं कुंकू होतं. पडवळनं ऐटीत तोटी फिरवली.

फुस्स करून आवाज आला. वारा. त्यानं पूर्ण फिरवली, बंद केली, पुन्हा उघडली. वाराही थांबला.

समोरच्या घराच्या उंबऱ्यावर एक बाई भाकरीचं पीठ चाळत बसली होती. हौसाक्का. तिनं चाळण आपटली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय पावणं, वारा खायला आलायसा व्हय? वारा काय, आमच्याकडं रग्गड हाय."

रिवाजाप्रमाणे मी आधी तिच्याकडं वळले. "पाणी कधीपासून नाही, मावशी?"

"शिमगा झाला आन् गेलं. पावसात आलं बगा, धो धो. दिवाळीपतोर आलं. मग बारीक झालं, मग करंगळीयेवढं, मग न्हायच."

"मग उन्हाळ्यात काय करता?"

"काय करणार? खालच्या गल्लीतनं आणतो. डोस्क्यावर. खालच्या बाया म्हंत्यात, तुमचा नळ झाला की, सरकारी कागदावर हाय की, आता आमच्यात कशाला येतासा? आधी नळ नव्हता तर भरू तरी देत हुत्या. आता नळ हाय म्हणून भरू देईनात." तिनं पडवळकडं बघितलं आणि तिला ओळख पटली. आवाज जरा खाली आला. "तुमीच न्हवं का ते? पेढा दिल्याला?"

पडवळनं मान हलवली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. कारण त्याला तेव्हाच कळलं होतं. पावसाळ्यात खालच्या गल्ल्या पाणी कमी ओढतात, विहिरी भरलेल्या असतात, म्हणून उरलेला जोर चढ चढून वर येतो. उन्हाळ्यात सगळं पाणी खालीच संपतं. त्यानं नळ श्रावणात तपासला होता, पाणी आलं होतं, आणि पाणी पोहोचतं म्हणून सही केली होती. काम चोख होतं. पाइप चांगली होती, सांधे घट्ट होते, कुणी एक रुपया खाल्लेला नव्हता. ही चूक फक्त पावसाच्या गावात वाढलेला माणूसच करू शकतो. पाणी येईल की नाही असा प्रश्न त्याच्या गावात कुणाला कधी पडलाच नव्हता.

खाली उतरताना तो झपाझप पुढं चालत होता. चढ संपला तिथं एका गुलमोहराखाली थांबला. आकाशात ढग जमायला लागले होते, वळवाची लक्षणं होती.

"मॅडम, पावसापतोर थांबता येईल काय?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "वळीव तर चालूच झालाय. आता म्हयनाभरात पाणी वर येतंय. तवा तपासा आन् जे दिसंल ते लिवा. मी तवर वरच्या टाकीची येगळी जोडणी मंजूर करून घेतो. पुढच्या उन्हाळ्याला पाणी मिळंल बायकांना. देवाशप्पथ."

मी त्याला ओळखत होते. तो खोटं बोलत नव्हता. कायम होण्याच्या कागदांबद्दल तो एक शब्दही बोलला नाही, आणि न बोलल्यामुळेच ते आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. मला खोटं लिहायचं नव्हतं. कुणाला काही द्यायचं घ्यायचं नव्हतं. फक्त ऋतू बदलायची वाट बघायची होती. यादीतली ती गल्ली खाली सरकवली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मृगानंतर मी त्या नळाशी गेले असते, तर जे दिसलं असतं ते खरं असूनही मला माहीत असलेलं खरं नसतं.

लोकांना वाटतं चोर पकडणं अवघड. अहो, चोर सापडला की किती बरं वाटतं! झोप छान लागते. चांगल्या माणसाची प्रामाणिक चूक सापडते तेव्हा आमच्या कामाचा कस लागतो. हल्ली सभागृहांच्या फलकांवर 'उत्तरदायित्व' असा भलामोठा शब्द असतो, त्याच्याखाली हारतुरे होतात. त्या शब्दाचा अर्थ मला हौसाक्कानं सांगितला. मी निघताना ती म्हणाली होती, "आमी इचारायचं तरी कुणाला वो? ह्यो म्हंतो त्याला इचारा, त्यो म्हंतो नळ हाय की."

इंगळेसाहेबांना मी सगळं सांगितलं. करवंदांचंही, जिन्यावरचंही. ते बराच वेळ छत्रीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "मी जाऊन येऊ का? मी बघतो, मी लिहितो. तुझं नाव नको त्यात." त्यांनी हे म्हटलं म्हणून मी त्यांना कधी विसरणार नाही. पण नाव कुणाचंही असलं तरी आक्षेप त्याच्याच सहीवर असणार होता. आणि हौसाक्कानं ते मला सांगितलं होतं. मी नको म्हटलं.

घरी आबा खाटेवर बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाया पाणी कुठनं आणत्यात?" मी म्हटलं, खालच्या गल्लीतनं, आणि भरू देत नाहीत. आबांनी हातावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "पाण्यासाठी आपली माणसं चालत गेल्यात पोरी. लांब. उन्हात. पाणी असून दिलं न्हवतं म्हणून." "तू काय करायचं ते मी सांगत न्हाय. पोरगं मला लई आवडलं हुतं." त्यांनी 'हुतं' म्हटलं, आणि मी अजून काही ठरवलंही नव्हतं.

मी लिहिलं. वैशाखात नळाला पाणी नाही, असं साध्या मराठीत लिहिलं. काम मंजूर आराखड्याप्रमाणे आणि उत्तम झालं आहे, हेही लिहिलं. आराखडा करताना चढाचा विचार केलेला नाही, त्याचं उत्तर आराखडा मंजूर करणाऱ्यांनी द्यावं, हे तर मी खाली रेघ ओढून लिहिलं. त्याच्या बाजूचं जे जे खरं होतं ते एकही सोडलं नाही. पण सभासदांच्या समितीत विषय निघाल्यावर वरच्यांनी कानावर हात ठेवले. वर चढायचं पाण्याला जितकं जड जातं, तितकंच जबाबदारीलाही. उतारावरच्या शेवटच्या माणसाच्या दारात ती येऊन थांबते. पडवळचे कागद थांबले.

इंगळेसाहेबांचं मात्र मानलं पाहिजे. "अर्धं उत्तर म्हणजे उत्तर न्हवं," असं म्हणत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा पाठवला. उत्तर आलं नाही की पुन्हा. सभासद वैतागले, खातं वैतागलं, वर्तमानपत्रात दोनदा आलं. वरच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन सभेच्या दिवशी दारात येऊन बसल्या, कारण आता विचारायचं कुणाला हे त्यांना कळलं होतं. शेवटी आराखडा मंजूर करणाऱ्या साहेबांना उभं राहून, हो, चढ धरला नव्हता, असं म्हणावं लागलं. त्या हिवाळ्यात टाकीवरून वेगळी जोडणी झाली. पुढच्या वैशाखात वरच्या गल्लीत पाणी आलं आणि आजतागायत ते थांबलेलं नाही.

पडवळ त्याच्या आधीच नोकरी सोडून गेला होता. कागद कधी सुटतील याचा नेम नव्हता. सीमेकडच्या एका गावात त्याला पाण्याच्याच कामावर नोकरी मिळाली. जाण्याआधी तो आमच्या ऑफिसात आला आणि दारातच म्हणाला, "आता मी खात्याचा न्हाय. चहा चालतोय न्हवं?" आम्ही खालच्या टपरीवर चहा घेतला. त्याच्याकडून घेतलेला पहिला आणि शेवटचा. रिक्षांचे हॉर्न, शेजारी कुणीतरी मिसळीवर तुटून पडलेलं, आणि आम्ही दोघं ग्लासातल्या चहावरची साय फुंकत बसलेलो.

"तुमी बरोबर लिवलासा," तो म्हणाला. "मला राग न्हाय. मी असतो तर मी बी लिवलं असतं. पर आईला कसं सांगू? ती म्हंती, जिनं तुझं नाव लिवलं, तिला मी कुठल्या तोंडानं सून म्हणून आणू?"

राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसावर आपणही रागावू शकतो. त्यानं पैसे दिले, उन्हात डोळ्यांवर हात धरून एकदा मागं बघितलं आणि गेला. पुढं त्याचं लग्न झाल्याचं कळलं. माझं राहून गेलं. ठरवून असं काही नाही. आबा होते तोवर त्यांचं करण्यात दिवस गेले, आणि ते गेल्यावर कुणी विषय काढणारंच उरलं नाही. इंगळेसाहेब निवृत्त झाले, त्यांच्यामागं आलेले साहेब चांगले आहेत, पण छत्री घेऊन बाहेर पडत नाहीत. एसी आला आहे.

मी मात्र दर वैशाखात वरच्या गल्लीत जाऊन येते. यादीत ती गल्ली नसली तरी. त्या फोटोतलं हिरवं गवत बघितलं त्या दिवशीही गेले. चढताना आता दम लागतो. पूर्वीची कौलारू घरं जाऊन दोन-तीन ठिकाणी फ्लॅट झाले आहेत, पण नळ तिथंच आहे, आणि हौसाक्काही. केस पांढरे झाले आहेत, आवाज तसाच खणखणीत. पाणी सुटलेलं होतं. बायकांच्या घागरी एकमेकींवर आपटत होत्या, भांडणं चालली होती, पाणी असल्यावर होतात तशी.

"आलासा व्हय बाई," हौसाक्का म्हणाली. "परवाच त्यो येऊन गेला."

"कोण?"

"त्यो वो, उंच. पेढंवाला पडवळ. दर साली येतोय की ह्या दिवसांत. नळ सोडतोय, वंजळीत पाणी घेतोय, बंद करतोय आन् जातोय. च्या दिला तर पितोय. बोलत काय न्हाय."

इतकी वर्षं. त्याच चढावरून. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. हौसाक्का माझ्याकडं निरखून बघत होती.

"तुमी बी येतासा, त्यो बी येतोय. येगयेगळं. काय हाय ह्ये?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हजार जणांना विचारलं असेल. मला असं तोंडावर कुणी काही विचारलेलं नव्हतं. टाळायला हजार उत्तरं होती. पण नळ चालू होता, आणि त्या बाईनं मला त्या दिवशी सगळं खरं सांगितलं होतं.

"त्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं, हौसाक्का. मी लिहिलं आणि ते मोडलं."

तिनं तोंडावर पदर धरला. मग ती म्हणाली, "आन् आमास्नी पाणी आलं."

"व्हय."

"लई हवा हुता व्हय तुमास्नी त्यो?"

"लई."

ती थोडी पुढं सरकली, माझ्या हातावर तिचा ओला हात ठेवला. "मग आज पुन्ना तसंच समदं फुडं आलं, तर काय करशीला?"

मला विचार करावा लागला नाही. तिच्याच बोलीत, म्हणजे माझ्याही, मी म्हटलं, "लिवीन की. आन् तवा रडले तशीच पुन्ना रडीन."